घडी मोडलेलं चिलखत

“हो म्हण की वहिनी, काय वाचत बसलीस?” पलंगावरून शलाका म्हणाली.

पडद्यावर एक चौकट आली होती. आत चार ओळी इंग्रजी, खाली दोन बटणं, एक ‘हो’चं आणि एक ‘नाही’चं. माझं इंग्रजी म्हणजे औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचण्यापुरतं.

“अगं, पण काय विचारतंय ते तरी सांग.”

“मला इथून कुठं दिसतंय? घालायचं का, असंच म्हणत असेल. तू बनवलंस ना? मग घडी तूच मोड.”

मी ‘हो’ दाबलं. पडद्यावरच्या माझ्या लोहारणीच्या अंगावर चिलखत चढलं. राखाडी पोलाद, कडेला विस्तवाची लाल रेघ, खांद्यांवर सरड्याचे खवले. चार महिने आम्ही दोघी त्याच्यामागं होतो. मला एवढा आनंद झाला की खुर्चीत बसल्या बसल्या मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. शलाका शालीत हात गुंडाळून नुसती हसली.

मग मी चिलखत काढलं आणि तिला पाठवायला गेले, तर पाठवायचं बटण फिकं पडलेलं. दाबलं, पुन्हा दाबलं. ढिम्म हललं नाही.

“शलू, जात नाही गं हे!”

भिंतीला कोपर टेकत ती माझ्यामागं येऊन उभी राहिली. पडदा वाचला. “वहिनी,” ती म्हणाली, “हे ज्यानं पहिल्यांदा घातलं त्याचंच होतं. कायमचं. दुसऱ्याला देता येत नाही.”

तरी मी ते फिकं बटण आणखी एकदा दाबून बघितलं.

ही गोष्ट २०११ च्या जानेवारीतली, कराडची. शलाका माझी नणंद. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिला पहिली साडी घेतली, तर ती उचलून सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, “वहिनी, घडी तू मोड.” नव्या साडीची घडी मोडायला माणूस देतो कुणाला, तर जिच्यावर जीव आहे तिलाच. मी घरात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्या दिवसापासून ती पोरगी माझी झाली.

विसाव्या वर्षी तिला संधिवात लागला. आधी घोटे, मग गुडघे. बावीसची झाली तेव्हा पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग एवढंच तिचं चालणं उरलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “बोटं सांभाळा. बोटांत सूज दिसली की त्याच दिवशी या, थांबू नका.” आमच्या ह्यांचं, म्हणजे शलाकाच्या दादाचं, वेगळंच. सगळं दुखणं त्या कॉम्प्युटरमुळं आहे, असं ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. “बोटांत आलं ना, तर तो डबा त्याच दिवशी घराबाहेर,” असं हे जेवताना दहा वेळा म्हणाले होते. आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, मान हलवायच्या.

त्या डब्यात अ‍ॅशवेल नावाचा एक गेम होता. राक्षस, डोंगर, किल्ले, आणि कुठून कुठून येऊन एकत्र लढणारी खरी माणसं. शलाका त्यात ढालकरी होती. सगळ्यात पुढं ढाल घेऊन उभं राहायचं आणि मागच्यांना सांभाळायचं. घरात जिला पाणी प्यायला उठता येत नव्हतं, ती तिथं दहा जणांच्या पुढं धावायची. त्यांच्या टोळीचा म्होरक्या नांदेडचा बालाजी नावाचा मुलगा. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्याशिवाय मोहिमेचं पान हलू द्यायचा नाही.

मला तिनंच ओढलं त्यात. दुपारी जेवणं झाली, आत्याबाई कलंडल्या की दोन ते चार आमचं राज्य. मला तलवारबिलवार जमणार नव्हती. पण लोखंड म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी कोल्हापूरची. माझे वडील, बापू, उद्यमनगरात पोलादाला पाणी द्यायच्या खात्यावर होते. तापलेला तुकडा कुठल्या रंगाला बाहेर काढायचा, पाण्यात बुडवायचा का तेलात, हे आमच्या घरात आमटीच्या चवीसारखं बोललं जायचं.

शलाका मला त्या गेममधली माहिती मराठीत करून वाचून दाखवायची. “ऐक. राखपोलाद म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत सात वर्षं पुरून ठेवलेलं लोखंड.”

“सात वर्षं? गंजून भुगा होईल त्याचा! कुणी लिहिलंय हे? कधी भट्टी बघितली का त्यानं?”

“वहिनी, तिथं सरडे आग ओकतात. आणि तुला गंजाची काळजी!”

ती हसायची आणि मी हातोडा चालवायचे. पण एक मान्य करायला पाहिजे, गेम बनवणाऱ्याला थोडंफार कळत होतं. राखपोलाद पाण्यात बुडवलं की तडकायचं, तेलातच बुडवावं लागायचं. आमचे बापू अगदी हेच सांगायचे. म्हणून माझे तुकडे कधी वाया गेले नाहीत, आणि महिनाभरात टोळीत माझं नाव झालं. मी मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, तेही कोल्हापुरी बायकांसारखं, ‘मी आलो, मी करतो’. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाप्या आहे. सगळे मला लोहारदादा म्हणायला लागले. शलाकाला एवढं हसू यायचं की तिनं कधी त्यांना खरं सांगितलंच नाही.

चिलखत बनवायला घेतलं ते राखेच्या घाटासाठी. वर्षातून एकदा तो घाट उघडायचा, त्या वर्षी जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता. दहा जणांनाच आत प्रवेश. आत एक ड्रॅगन, आणि ज्याच्या अंगावर राखपोलादी चिलखत नाही तो अर्ध्या मिनिटात जळून खाक. पाच वर्षं तिथं कुणी मराठी टोळी टिकली नव्हती. शलाकाला दुसरं काही नको होतं. ना लग्न, ना नोकरी. नऊ कांबी राखपोलाद, चाळीस खवले आणि ज्वाळेचा एक खडा. खवले मिळायचे सरडे मारून, आणि खडा दोनशे सरड्यांत एखाद्याच्या पोटात.

गुडघ्याचे तुकडे ठोकत होते तेव्हा शलाका म्हणाली होती, “तिथं नीट बघ हं वहिनी. पत्रा कितीही जाड घे, वार सांध्यातूनच आत जातो.”

शेवटचा दीड महिना सरडे मीच मारले. “तूच मार, तुझा हात बसू दे,” ती म्हणायची. शालीत हात घालून बाजूला बसायची आणि सांगायची, आता मागं हो, आता वळ, आता मार. तुझं खेळणं कधी, असं विचारलं तर म्हणायची, सकाळी, तू स्वयंपाकात असतेस तेव्हा.

आणि एवढं सगळं करून मी घडी मोडून बसले. रविवारला आठ दिवस राहिले होते.

“जाऊ दे,” शलाका म्हणाली. “चिलखत तुझं झालं, तर घाटात तू जा.”

“मी? मी काय जाऊ? माझं तोंड बघ!”

“मी शेजारी बसून सांगते ना.”

“गप बस. तू जायचंस. मी केलंय, मी निस्तरते.” मी एवढ्या जोरात बोलले की आत्याबाई कूस बदलून म्हणाल्या, काय झालं गं?

पुढचे चार दिवस मी वेड्यासारखी वागले. गेमच्या कंपनीला शलाकाकडून पत्र लिहून घेतलं. ती सांगायची आणि मी एकेक अक्षर शोधून टाइप करायचे. तीन वेळा पाठवलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आम्हाला खेद आहे. मी आमटी करपवली. ह्यांच्या डब्यात मीठ विसरले. रडायला यायचं आणि लाजही वाटायची, अठ्ठावीस वर्षांची संसारी बाई खोट्या लोखंडासाठी रडते म्हणून. पण ते लोखंड खोटं असलं तरी ती पोरगी खरी होती ना! तिच्या वर्षातला एक दिवस होता तो, आणि मी तो माझ्या अंगात घालून बसले होते.

बुधवारी मी बालाजीपुढं पदर पसरला. टाइप करून सगळं सांगितलं, चूक माझी आहे, ताईची नाही.

त्याचं उत्तर आलं, “लोहारदादा, माझ्याकडं एक खडा आहे. माझ्या दुसऱ्या चिलखतासाठी ठेवला होता. घ्या. खवले बाकीचे देतील.” थोड्या वेळानं दुसरी ओळ आली. “पण ताई येतील ना नक्की? दीड महिना झाला, एकदाही दिसल्या नाहीत.”

मला वाटलं, ह्याची वेळ वेगळी असेल. ती तर सकाळी खेळते. मी लिहिलं, येणार म्हणजे येणारच.

गुरुवारी दुपारी दुसरं चिलखत झालं. ह्या वेळी मी कुठल्याही चौकटीला हात लावला नाही. बनवलं आणि सरळ शलाकाच्या नावावर पाठवून दिलं. मग तिला हाक मारली. “ऊठ! बघ काय आलंय तुझ्याकडं.”

तिनं पडदा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, भरून आलंय.

“कुठून आणलंस?” तिनं विचारलं.

“बालाजीनं खडा दिला. बाकीच्यांनी खवले दिले. आता नखरे नकोत. बस खुर्चीत आणि घाल. ह्याची घडी तू मोडायचीस.”

“नंतर घालते.”

“नंतर बिंतर काही नाही. चार दिवस जीव काढलाय मी. आत्ता माझ्यासमोर घाल.”

“वहिनी, नको ना गं.”

मी ऐकते होय! तिला धरून खुर्चीत बसवलं, शाल बाजूला केली आणि तिचा उजवा हात माउसवर ठेवला.

तेव्हा मी तो हात नीट बघितला. बोटांचे सांधे फुगून लाल झाले होते. पहिलं बोट बाजूला कललं होतं. थंडीचे दिवस, म्हणून ती दिवसभर शाल घेऊन बसते असं आम्ही समजत होतो. जेवताना हातानं न खाता चमचा मुठीत धरायची, तर आत्याबाई म्हणायच्या, ही हल्ली फारच मडमिणीसारखी जेवायला लागलीय.

“दाब की,” मी म्हणाले.

तिनं बोटाकडं बघितलं. बोट बटणावर होतं. नुसतं होतं.

“दबत नाही गं वहिनी.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो बंद करायला हवा असं काहीतरी माझ्या डोक्यात येत होतं.

“कधीपासून?”

“डिसेंबरपासून.”

“दोन महिने व्हायला आले! आणि तू सकाळी खेळते म्हणून सांगत होतीस?”

“पडदा चालू करून बसायचे. आत न जाता, बाहेरूनच बाकीचे कुठं कुठं जातायत ते बघायचे.”

मग हळूहळू मला उमगायला लागलं. “ती चौकट,” मी म्हणाले. “काय लिहिलंय ते तुला माहीत होतं.”

“पाठ आहे मला ते. गेमचे सगळे नियम पाठ आहेत.” ती रडत नव्हती, ह्याचाच मला जास्त त्रास होत होता. “चिलखत तुझं झालं, की बालाजीला तुला घ्यावंच लागलं असतं. तुझा हातही बसवला होता मी. चुकून झालं म्हटलं असतं, तर मी का खेळत नाही ते कुणी विचारलं नसतं. तू दुसरं बनवशील असं वाटलंच नाही गं मला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू दादाला सांगितलं असतंस.”

“व्हय, सांगितलं असतं! डॉक्टरांनी काय बजावलंय तुला? बोटं वाकडी होतील शलू, कायमची!”

“झालीच आहेत,” ती म्हणाली. “आणि दादा कॉम्प्युटर उचलून नेईल. मग मी दिवसभर काय बघू? हे छत?”

ह्याला तुम्हाला काही उत्तर सुचलं असतं तर सांगा. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला असं कोंडलं होतं की बोट दुखतंय एवढंसुद्धा तिला सांगता येत नव्हतं. मी म्हणाले, निदान तुझी ढालकरी मी चालवते, तुझं चिलखत घालून. तर म्हणाली, “तिला पंधरा बटणं लागतात. तुला चार येतात. तू तुझं घाल.” मग तिनं तो फुगलेला हात माझ्या मनगटावर ठेवला. “रविवारपर्यंत थांब. सोमवारी सांग. मी अडवणार नाही.”

मी थांबले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चोरून गरम पाण्यानं तिचे हात शेकले, हळदीचं दूध दिलं. पोलाद कसं ताणायचं, कसं वाकवायचं, त्याला पाणी कधी द्यायचं, सगळं मला येत होतं. आणि त्या दहा बोटांपुढं माझं काहीही चालत नव्हतं.

रविवारी हे क्रिकेट बघायला मित्राकडं गेले. आत्याबाई झोपल्या. तीन वाजता घाट उघडला. ताईला बरं नाही, मी येतोय, एवढंच मी लिहिलं. बालाजी स्वतः ढाल घेऊन पुढं गेला. स्पीकरमधून त्याचा आवाज येत होता, “लोहारदादा, माझ्या मागं राहा.”

शलाका माझ्या उजव्या खांद्याशी बसली होती. आगीचा लोट आला. चिलखत तापून लाल झालं, पण टिकलं. दोघे जळाले. तिसरा पडला. मला काही दिसत नव्हतं, नुसता धूर. कानाशी तिचा श्वास आणि तिचा आवाज. “मागं हो. थांब. थांब. आता डावीकडं पळ. वळ!” माझी बोटं ती सांगेल तिकडं जात होती. मी मध्येच एकदा खाली बघितलं, तर तिच्या मांडीवरचे तिचे दोन्ही हात माझ्या हातांबरोबर हलत होते. मनगटापासून. बोटं तशीच.

“पंख वर केला की सांध्यात मार, वहिनी! सांध्यात!”

मी मारलं. कितीदा मारलं ते आठवत नाही. एकदम तो केवढा थोरला देह आडवा झाला आणि स्पीकरमधून चार-पाच जण एकाच वेळी ओरडायला लागले. बालाजी तर किंचाळत होता, “लोहारदादा! मानलं! नाद नाही करायचा तुमचा!”

मी वळले. शलाकाचा चेहरा असा उजळला होता की कित्येक महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. ती टाळ्या वाजवत होती. दोन मनगटं एकमेकांवर आपटत होती आणि आवाज येत नव्हता.

सोमवारी सकाळी मी ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. तिचे हात बघितले आणि वायरी काढायला लागले. शलाकानं कबूल केल्याप्रमाणं अडवलं नाही. मिरजेत डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली आणि माझ्याकडं बघून विचारलं, “घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?” इंजेक्शनं सुरू झाली. वर्ष-दीड वर्षानं गुडघे बरेच सुटले. बोटं वाकडी राहिली ती राहिलीच.

कॉम्प्युटर पुढं सहा महिन्यांनी परत आला. आणायला हेच गेले होते. पण तिनं तो गेम पुन्हा उघडला नाही, आणि मीही नाही.

आता ती पुण्यात असते, एकटी. परदेशातल्या पोरांना फोनवरून इंग्रजी शिकवते. ती बोलते आणि कॉम्प्युटर लिहून घेतो. गेल्या दिवाळीत मी गेले तर तिनं स्वतःसाठी इरकल आणलं होतं, डाळिंबी काठाचं. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “घडी तू मोड.”

मी हात मागं घेतला. “नाही बाई. एकदा मोडली तेवढी बास झाली. आधी तू नेस.”

“माझ्यानं निऱ्या कुठं होतात?”

“मी घालते. ऊठ, उभी राहा सरळ.”

ती उभी राहिली, दोन्ही हात बाजूला धरून. मी पदर काढला आणि निऱ्या धरायला लागले. ती आरशात बघत होती. मध्येच म्हणाली, “वहिनी, ते माझं दुसरं चिलखत अजून असेल का गं तिथं?”

तो गेम तीन वर्षांपूर्वी बंद पडलाय. भाच्याकडून मी शोधून घेतलंय. तिला सांगितलेलं नाही, पण तिलाही ते माहीत असणार, तिला सगळंच माहीत असतं.

“असेल की,” मी म्हणाले. “घडी कुठं मोडलीय त्याची?”

आणि निऱ्या सारख्या करून खोचल्या.